विहिरीच्या पाण्यातलं नायट्रेट कलरीमीटरवर मोजायचंय, कुणी केलंय का?

खानदेशी_मास्तर | १२ ऑक्टोबर, रात्री ९:२०

नमस्कार मंडळी. रावेर तालुक्यात कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवतो. आमचा केळीचा पट्टा, म्हणजे ओघानेच युरियाचाही. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या अहवालात नायट्रेटने सगळ्यात जास्त बाधित अशा देशातल्या १५ जिल्ह्यांची यादी आहे. त्यात महाराष्ट्रातले सात जिल्हे आहेत: वर्धा, बुलढाणा, अमरावती, नांदेड, बीड, यवतमाळ आणि आमचं जळगाव. बातमी वाचल्यापासून बारावीची पोरं मागे लागलीत, की सर, आपल्या गावच्या विहिरी तपासू.

ग्रामपंचायतीकडे जलजीवन मिशनची तपासणी पेटी आहे. गावातल्या ताया ती चाचणी मनापासून करतात. पण त्यात नळीतला रंग छापील तक्त्याशी डोळ्याने जुळवायचा असतो. ट्यूबलाइटखाली ४५ (लिटरला मिलीग्रॅम, पिण्याच्या पाण्याची मर्यादा) वाटतं, तेच अंगणात नेलं की १०० वाटतं. मला आकडा हवाय.

प्रयोगशाळेत जुना कलरीमीटर आहे, म्हणजे द्रावणाचा रंग किती गडद ते आकड्यात सांगणारं यंत्र. ४०० ते ७०० नॅनोमीटरपर्यंतचे आठ फिल्टर, काचेच्या गोल नळ्या, यंत्र व्यवस्थित चालतं. प्रश्न असे:

कुठली पद्धत घ्यावी? कॅडमियम पोरांच्या हाती द्यायचं नाहीये.
डिस्टिल्ड वॉटरऐवजी दुकानातलं बॅटरीचं पाणी चालेल का?
नमुना किती वेळ टिकतो? काही विहिरी लांब आहेत, पोरं बसने येतात.

---

टवाळ_तात्या | १२ ऑक्टोबर, रात्री ९:४१

मास्तर, पाचशे रुपयांचा टीडीएस मीटर घ्या, बुडवा, आकडा वाचा, घरी जा. आमच्या सोसायटीत आरओवाला तेच करतो आणि पाणी "एकदम शुद्ध" असल्याचं छातीठोकपणे सांगतो.

---

निवृत्त_तपासनीस | १२ ऑक्टोबर, रात्री १०:३०

तात्या, टीडीएस मीटर पाण्यातून वीज किती सहज जाते तेवढंच बघतो आणि त्यावरून एकूण क्षारांचा अंदाज सांगतो. क्षार कुठला, हे त्याला कळत नाही. ७०० टीडीएसच्या पाण्यात नायट्रेट ५ असू शकतं आणि १५० सुद्धा. आकडा वाचून घरी जाल, पण कुठला आकडा वाचला ते कळणार नाही.

मास्तर, आयुष्य पाण्याच्या बाटल्यांत गेलं म्हणून जरा सविस्तर लिहितो.

नायट्रेट स्वतः रंगहीन. कलरीमीटरला काही दिसायचं तर आधी त्याचं रंगीत काहीतरी करावं लागतं. ते करायचे मुख्य रस्ते हे:

पहिला, नायट्रेटचं नायट्राइट करायचं आणि त्यावर ग्रीस नावाच्या रसायनशास्त्रज्ञाची अभिक्रिया घ्यायची. सल्फानिलामाइड आणि एनईडी ही दोन रसायनं घातली की गुलाबी-जांभळा रंग येतो. तो ५४० च्या आसपास वाचतात, तुमच्याकडचा ५३० च्या जवळपासचा फिल्टर चालेल. नायट्रेटचं नायट्राइट करायला प्रमाण पद्धतीत कॅडमियम लागतं. ते नको असेल तर जस्ताची भुकटी. पंचायतीच्या पेटीत गुलाबी येतं ना, ते याच घराण्यातलं.

दुसरा, फिनॉल डायसल्फोनिक आम्ल. जुन्या लोकांची पद्धत, माझीही आवडती. पाणी कोरडं होईपर्यंत आटवायचं, आम्ल घालायचं, मग अमोनिया. पिवळा रंग येतो, ४१० ला वाचायचा, म्हणजे तुमचा ४२० चा फिल्टर. रंग टिकाऊ, यंत्र साधं असलं तरी भागतं. तिची मोठी खोड म्हणजे क्लोराइड. त्याबद्दल पुढे लिहीन.

तिसरा, २२० नॅनोमीटरला थेट अतिनील प्रकाशात वाचायचं. त्याला अतिनील स्पेक्ट्रोफोटोमीटर लागतो. तुमच्या यंत्राचा दिवा तिथवर पोचत नाही, त्यामुळे तो विषय सोडा.

पोरांसाठी जस्तवाली पद्धत, आणि त्यावर पडताळणी म्हणून काही निवडक नमुने तुम्ही स्वतः फिनॉल डायसल्फोनिकने करा, असं माझं मत. ते आम्ल बाटलीबंद तयार मिळतं, तेच घ्या. फिनॉल आणि धूर सोडणारं सल्फ्युरिक तापवून घरी तयार करायची कृती पुस्तकात दिसेल, पण त्या वाटेला जाऊ नका.

---

खानदेशी_मास्तर | १२ ऑक्टोबर, रात्री १०:५२

काका, मनापासून आभार. जस्ताबद्दल एक शंका. जस्त नायट्राइटवर थांबेल का? पुढे अमोनियापर्यंत नेणार नाही?

---

निवृत्त_तपासनीस | १३ ऑक्टोबर, सकाळी ६:१५

नेतं ना, म्हणून तर घड्याळ लागतं. जस्त थांबत नाही, ते आधी नायट्राइट करतं आणि वेळ दिलात तर तेही खाऊन टाकतं. एकाने नळी अर्धा मिनिट हलवली, दुसऱ्याने तीन मिनिटं, की एकाच विहिरीचे दोन आकडे आले. तेव्हा जस्त किती, हलवायचं किती आणि थांबायचं किती हे एकदा ठरवा आणि ठरलेल्या कृतीत कुणीही बदल करायचा नाही. शक्यतो एकाच पोराच्या हातात हलवण्याचं काम द्या. प्रमाण द्रावणंही (ज्यातलं नायट्रेट आधीच ठाऊक असतं ती) त्याच हाताने, त्याच वेळेत. मग जस्ताची खोड नमुन्याला आणि प्रमाणाला सारखीच लागते आणि बरीचशी वजा होते. वाचण्याआधी जस्ताचे कण खाली बसू द्या किंवा गाळून घ्या, नाहीतर यंत्र गढूळपणाच मोजेल.

दुसरं म्हणजे, ग्रीसची पद्धत फार तीक्ष्ण आहे. विहिरीचं पाणी तसंच टाकलंत तर रंग इतका गडद होईल की काटा टोकाला जाऊन बसेल. पाणी पातळ करा. २ मिली नमुना घेऊन डिस्टिल्ड वॉटरने १०० मिलीपर्यंत न्या, ५० पट झालं. आलेल्या आकड्याला ५० ने गुणायचं. पिपेट नीट वापरायची इथेच, कारण इथली चूकही ५० पट होते.

प्रमाण द्रावण: पोटॅशियम नायट्रेट १०५ अंशाला सुकवून १.६३१ ग्रॅम एका लिटरमध्ये. हे लिटरला १००० मिलीग्रॅम नायट्रेट झालं. त्यातून पातळ करत ०, १०, २५, ५०, ७५, १०० अशा बाटल्या करा. नमुन्यासारख्याच ५० पट पातळ करून सगळ्या यंत्रावर घ्या आणि आलेख कागदावर काढा. साध्या फिल्टरच्या यंत्रात रेषा वरच्या टोकाला वाकते. वाकली तिथपर्यंतच विश्वास ठेवायचा, त्यापुढचा नमुना अजून पातळ करून परत. पुस्तकातला किंवा मागच्या वर्षीचा आलेख वापरू नका. रसायनं जुनी होतात, दिवाही म्हातारा होतो.

बॅटरीचं पाणी: चालेलही, नाहीही. सगळी रसायनं घालून त्याचाच कोरा नमुना लावून बघा. गुलाबी झाकही आली तर ते पाणी फक्त काच विसळायला. घरच्या आरओचं पाणी तर नकोच, त्यात नायट्रेट थोडंफार उरतंच.

नमुना: प्लास्टिकची स्वच्छ बाटली त्याच पाण्याने दोनतीनदा खळबळून भरायची. बोअर असेल तर पंप आधी दहाएक मिनिटं चालू द्या, पाइपात शिळं पाणी असतं. बर्फात किंवा फ्रीजमध्ये ४ अंशाला ठेवून ४८ तासांत तपासा. बसमध्ये उन्हात दिवसभर फिरलेली बाटली तपासू नका, त्यात जिवाणू आपलं काम करून बसलेले असतात.

---

आयोवाचा_विन्या | १३ ऑक्टोबर, सकाळी ८:०५

धागा बघून राहवलं नाही. मी अमेरिकेत आयोवा राज्यातल्या डेस मॉइन्सला राहतो, इथे पाण्यातलं नायट्रेट हा स्थानिक राजकारणाचा विषय आहे. मक्याच्या शेतांतून जमिनीखालच्या निचरा नळ्यांमधून नायट्रेट रॅकून नदीत येतं आणि शहर त्याच नदीचं पाणी पितं. शहराच्या पाणीसंस्थेने १९९० च्या दशकाच्या सुरुवातीलाच नायट्रेट काढायचा वेगळा प्रकल्प बांधला. २०१५ मध्ये तिने वरच्या भागातल्या तीन काउंट्यांवर खटला भरला, तो २०१७ मध्ये फेटाळला गेला. २०२५ च्या जूनमध्ये तर हिरवळीला पाणी घालायला बंदीच केली, कारण तेवढं पाणी शुद्ध करायची क्षमता पुरत नव्हती. हे अमेरिकेत, बरं का.

"ब्लू बेबी" प्रकरणही इथलंच. शेतातल्या विहिरीच्या पाण्यात कालवलेलं दूध पिणारी बाळं निळी पडतात, हे हंटर कॉमली नावाच्या इथल्याच डॉक्टरने १९४५ मध्ये मांडलं.

इथे मर्यादा १० ची आहे. मास्तर, तुमच्याकडे ४५ कशी काय चालते?

---

रानवाटा | १३ ऑक्टोबर, दुपारी १:३०

आता घ्या! मागच्या उन्हाळ्यात पुण्याच्या एका खासगी प्रयोगशाळेतून माझ्या विहिरीचा रिपोर्ट आणला, त्यावर २२ लिहिलंय. ४५ च्या आत म्हणून मी खुशीत होतो. विन्याभाऊंच्या हिशेबाने नापास. नेमकं काय धरायचं भाऊ?

---

खानदेशी_मास्तर | १३ ऑक्टोबर, दुपारी ४:१०

रानवाटा, रिपोर्टवर २२ च्या पुढे काय लिहिलंय ते बघा. "नायट्रेट" की "नायट्रेट-नायट्रोजन"?

विन्या, तुमचे १० आणि आमचे ४५ जवळजवळ सारखेच आहेत. तुमच्याकडे नायट्रेटमधला फक्त नत्र (नायट्रोजन) मोजतात, आमच्याकडे अख्खं नायट्रेट. नत्राला ४.४३ ने गुणलं की नायट्रेट मिळतं, १० चे ४४.३. भारतीय मानक आयएस १०५००:२०१२ मध्ये ४५ मिलीग्रॅम प्रति लिटर आहे आणि दुसरा पर्यायी स्रोत नसला तरी सवलत नाही. जागतिक आरोग्य संघटनेचा आकडा ५०, तोही अख्ख्या नायट्रेटचा.

बरीच आयात केलेली यंत्रं आणि तयार पुड्या आकडा नत्रात दाखवतात. पडद्यावर १५ दिसलं की माणूस ४५ शी तुलना करून सुटकेचा श्वास सोडतो, आणि पाण्यात नायट्रेट असतं ६६.

---

रानवाटा | १३ ऑक्टोबर, संध्याकाळी ७:४५

नायट्रोजनच लिहिलंय. २२ गुणिले ४.४३ म्हणजे ९७. घ्या.

बरं, प्यायला आम्ही नळाचं पाणी घेतो, ते ठीक. पण मला दुसराच हिशेब सुचतोय. नत्र पाण्यातच आहे तर केळीला ते मिळतच असणार ना? मग मी वरून कशाला टाकतोय?

---

निवृत्त_तपासनीस | १३ ऑक्टोबर, रात्री ९:००

मास्तर, यांना पोरांच्या वर्गात बोलवा. हा प्रश्न विचारणारा शेतकरी भेटायला मला नोकरीची वीस वर्षं लागली.

---

खानदेशी_मास्तर | १३ ऑक्टोबर, रात्री १०:२०

हिशेब सोपा आहे. नायट्रेट ४५ म्हणजे नत्र १० मिलीग्रॅम प्रति लिटर. एक लाख लिटर पाण्यात एक किलो नत्र. हेक्टरभर जमिनीवर वर्षात एक मीटर उंचीचं पाणी दिलं, तर ते एक कोटी लिटर, म्हणजे १०० किलो नत्र. तुमचं पाणी ९७ चं, त्यामुळे सव्वादोनशेच्या जवळपास. युरियात नत्र ४६ टक्के, ४५ किलोच्या गोणीत २०.७ किलो. हेक्टरी दहाएक गोण्या तुमच्या विहिरीतूनच चालल्यात.

केळीला झाडामागे २०० ग्रॅम नत्राची शिफारस आहे. दीड बाय दीड मीटरवर हेक्टरी ४४४४ झाडं, म्हणजे ८८८ किलो. त्यातला चौथा हिस्सा पाण्यातून येतोय, आणि तोही युरियासारखा जमिनीत बदलायची वाट न बघता थेट नायट्रेटच्या रूपात. सगळाच झाडाला लागेल असं नाही, काही परत खाली झिरपेल. पण पाण्यातलं नायट्रेट मोजून ठिबकमधून जाणारा युरिया तेवढा कमी करायला काय हरकत आहे?

---

रानवाटा | १४ ऑक्टोबर, सकाळी ६:५०

हरकत काहीच नाही, पण एक खरं सांगू? दहा गोण्या वाचल्या तरी वाचतात किती? गोणी २६६ रुपये ५० पैशांची. दहाचे अडीच-पावणेतीन हजार. एका हेक्टर केळीच्या खर्चात हे कुठे दिसतही नाही. म्हणून तर सगळे "असू दे जरा जास्त" म्हणून टाकतात. कमी पडलं आणि घड बारीक निघाला तर नुकसान लाखाचं, जास्त पडलं तर फक्त गोणीचं. युरिया महाग असता तर तुमचा हा धागा कदाचित लागलाच नसता.

आमच्या भावकीत एकजण कांदा करतो. त्याला मात्र हे पटेल. नत्र जास्त झालं की कांदा चाळीत टिकत नाही, मानेपासून सडतो. त्याला आकडा दाखवला तर तो हात आखडेल. केळीवाल्याला पटवायला अजून काहीतरी लागेल.

---

अनघा_बालरोग | १४ ऑक्टोबर, दुपारी २:४०

ते "काहीतरी" घरात पाळण्यात असतं. धोका सगळ्यांना सारखा नाही. मोठ्या माणसाने ६० चं पाणी प्यायलं म्हणून तो उद्या आजारी पडत नाही, आणि "आमचे आजोबा हेच पाणी पिऊन नव्वदीपर्यंत जगले" हे वाक्य त्यामुळेच खरंही असतं. मर्यादा मुख्यतः सहा महिन्यांच्या आतल्या, वरचं दूध घेणाऱ्या बाळासाठी आहे. नायट्रेटचं शरीरात नायट्राइट होतं, ते रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजन वाहण्यालायक ठेवत नाही. तान्ह्या बाळात हे उलटवणारी यंत्रणा कच्ची असते. सोबत जुलाब असतील तर आणखी वाईट. ओठ, नखं राखाडी-निळसर होतात, रक्त चॉकलेटी दिसतं. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर अशा वेळी फसवतो, बराच काळ ८५ च्या आसपासच अडकून राहतो. असं बाळ दिसलं तर घरी काही करत बसू नका, लगेच दवाखान्यात न्या. त्यावर औषध आहे.

आता सगळ्यात महत्त्वाचं. पाणी उकळून नायट्रेट जात नाही. उलट पाणी आटतं आणि नायट्रेट वाढतं. आया बाळासाठी काळजीने पाणी दहा-पंधरा मिनिटं उकळतात, त्यांना हे कुणी सांगतच नाही. तुरटी, क्लोरीन, कॅन्डलचा फिल्टर, कोळशाचा फिल्टर, अतिनील दिवा, यापैकी कशानेही जात नाही. आरओ किंवा आयन बदलणारं रेझिन, नाहीतर दुसऱ्या विहिरीचं पाणी, एवढेच मार्ग. आणि सहा महिने फक्त आईचं दूध. आईने प्यायलेल्या पाण्यातलं नायट्रेट दुधात फारसं उतरत नाही, तेव्हा विहीर खराब असली तरी बाळ सुरक्षित राहतं.

---

टवाळ_तात्या | १४ ऑक्टोबर, दुपारी ३:१५

डॉक्टर, आजोबांचं वाक्य मी टाइप करत होतो, तेवढ्यात तुमचा प्रतिसाद आला. खोडलं.

गंभीर प्रश्न: आमच्या आरओवाल्याचा टीडीएस मीटर ४० दाखवतो. म्हणजे नायट्रेट गेलं असं समजायचं ना?

---

निवृत्त_तपासनीस | १४ ऑक्टोबर, संध्याकाळी ५:३०

एकूण क्षारच ४० असतील तर नायट्रेट ४५ च्या वर कसं असेल? तेवढ्यापुरता तुमचा मीटर कामाचा, जिंकलात. पण बऱ्याच यंत्रांत "चव यावी" म्हणून कच्चं पाणी थोडं परत मिसळायचा स्क्रू असतो. तो फिरवून टीडीएस २०० वर आणला की मूळचं नायट्रेटही त्या प्रमाणात परत आलं. आणि आरओतून बाजूला निघणारं पाणी परसातल्या आडात सोडू नका, त्यात सगळं दाट होऊन आलेलं असतं.

---

खारपाणची_लेक | १५ ऑक्टोबर, सकाळी १०:१०

मी अकोला जिल्ह्यातली, पूर्णेच्या खारपाणपट्ट्यातली. एमएस्सीच्या प्रकल्पासाठी आमच्या भागातल्या विहिरी फिनॉल डायसल्फोनिकने करतेय, कलरीमीटर मास्तरांसारखाच. माझी अडचण उलटी आहे. पाणी तोंडाला लावता येत नाही इतकं खारट, विहिरीशेजारी उकिरडा, आणि नायट्रेट येतंय १२, १५. मार्गदर्शक म्हणतात, "छान, कमी आहे." मला ते पटत नाहीये. काका, क्लोराइडबद्दल पुढे लिहिणार होतात?

---

निवृत्त_तपासनीस | १५ ऑक्टोबर, दुपारी १२:०५

तुझी शंका बरोबर आहे, आणि मार्गदर्शकांना नम्रपणे सांग की आकडा कमी आलाय, नायट्रेट कमी असेलच असं नाही.

तीव्र आम्लात क्लोराइड आणि नायट्रेट एकत्र आले की त्यांची आपसात अभिक्रिया होते आणि नायट्रेटचा काही भाग वायूच्या रूपात उडून जातो. रंगासाठी उरलेलाच सापडतो. लिटरला १० मिलीग्रॅम क्लोराइडपासूनच हे सुरू होतं, आणि खारपाणपट्ट्यात क्लोराइड शेकड्यांत, कधी हजारांत.

खात्री कशी करायची? नमुन्यात ठाऊक असलेलं नायट्रेट घालून बघ. १०० मिली नमुन्यात १००० च्या प्रमाण द्रावणातलं २ मिली घातलंस की सुमारे २० ने वाढ व्हायला हवी. १५ चं ३५ झालं तर तुझा आकडा खरा. १५ चं २२ झालं तर घातलेल्या वीसपैकी १३ गायब झाले, मग मूळचं किती गायब झालं असेल? प्रत्येक नव्या गावच्या एका तरी नमुन्यावर हे करायचंच. प्रयोगशाळेत मी नव्या पोरांना बाकी काही नाही शिकवलं तरी हे शिकवायचो.

उपाय दोन. पुस्तकी उपाय म्हणजे आटवायच्या आधी सिल्व्हर सल्फेट घालून क्लोराइड साक्याच्या रूपात काढून टाकणं. चांदीचा भाव बघता तुझी शिष्यवृत्ती त्यातच जाईल, आणि चांदीचा कचरा वेगळा सांभाळावा लागेल. दुसरा उपाय म्हणजे ग्रीसच्या पद्धतीवर जाणं. ती तीक्ष्ण असल्यामुळे पाणी ५० पट पातळ करूनच घ्यायचं असतं, त्यात क्लोराइडही ५० पट पातळ होतं. १००० चं २० झालं. शिवाय तिथे तीव्र आम्लात आटवणं नाही.

---

खारपाणची_लेक | १९ ऑक्टोबर, रात्री ८:३०

केलं. उकिरड्याशेजारच्या विहिरीत घातलेल्या वीसपैकी निम्मेही परत आले नाहीत. त्याच पाण्याचं जस्त आणि ग्रीसने पातळ करून घेतलं, तर आकडा सत्तरच्या पुढे. घातलेलं नायट्रेटही जवळजवळ पूर्ण सापडलं. मार्गदर्शकांना आलेख दाखवला. ते बराच वेळ वहीत बघत होते, मग म्हणाले, "आधीचे सगळे नमुने परत घे." दिवाळीची सुट्टी गेली, पण बरं वाटलं.

---

खानदेशी_मास्तर | २ नोव्हेंबर, रात्री ९:५५

आमचंही पहिलं सत्र झालं. काकांनी सांगितल्याप्रमाणे हलवायचं काम एकाच मुलीकडे दिलं, ती मनात अंक मोजत नाही, मोबाइलचं घड्याळ लावते. आलेख ७५ पर्यंत सरळ, मग वाकतो. वरचे नमुने पुन्हा पातळ करून घेतले.

मला वाटलं होतं केळीच्या शेतातल्या विहिरी वर येतील आणि गावातल्या खाली. निघालं वेगळंच. शेतातल्या विहिरींत ४५ च्या अलीकडे-पलीकडे खूप चढउतार. पण सगळ्यात मोठे आकडे गावठाणातल्या आडांचे, जिथे दहा पावलांवर गोठा किंवा शोषखड्डा आहे. आता पोरांत दोन तट पडलेत, युरियावाले आणि गोठेवाले. कलरीमीटर यात काही निवाडा देईल का?

---

निवृत्त_तपासनीस | ३ नोव्हेंबर, सकाळी ६:३०

नाही. नायट्रेट युरियातून आलं की शेणातून, रेणू तोच. नेमका उगम शोधायचा तर नत्राची समस्थानिकं मोजावी लागतात, ते मोठ्या संस्थांचं काम.

पण अंदाज बांधता येतो. त्याच बाटलीतलं क्लोराइड मोजा, सिल्व्हर नायट्रेटच्या अनुमापनाने. सांडपाणी आणि गोमूत्र नायट्रेटबरोबर मीठही आणतात, युरिया मीठ आणत नाही. खारपाणपट्ट्यात हा अंदाज चालणार नाही, तुमच्या तापीकाठी चालेल. सोबत जिवाणू तपासायची, पाणी दूषित असलं की काळी पडणारी बाटली लावा. नायट्रेट जास्त, क्लोराइड जास्त आणि बाटली काळी, म्हणजे शोषखड्डा. नायट्रेट जास्त आणि बाकी दोन्ही शांत, तर शेताकडे बघा.

आणि एकाच सत्रावर निकाल देऊ नका. पावसाळ्यात जमिनीतलं नायट्रेट धुऊन खाली जातं. त्याच्यावर ऋण भार, मातीच्या कणांवरही ऋण भार, त्यामुळे माती त्याला धरून ठेवत नाही. पाऊस संपल्यावरचा आणि मे महिन्यातला आकडा एकाच विहिरीचे असूनही फार वेगळे असू शकतात.

वापरलेली द्रावणं एका डब्यात साठवा, बागेत ओतू नका.

---

अनघा_बालरोग | ३ नोव्हेंबर, दुपारी १:५०

मास्तर, ज्या घरांच्या आडांचे आकडे मोठे आहेत, तिथे तान्हं बाळ किंवा गरोदर बाई आहे का, एवढं आशाताईंना विचारा. यादी लहान निघेल आणि काम लगेच होईल. युरिया की गोठा हा वाद नंतर घाला.

---

रानवाटा | ३ नोव्हेंबर, रात्री ८:२०

आकडे ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावणार का? लावलेत तर विहीरमालकाचं नाव नका टाकू भाऊ. उद्या कुणी म्हणेल ह्याच्या विहिरीचं पाणी विषारी, केळी घेऊ नका. पोरगी बघायला आलेले परत जातील. पुढच्या वेळी कुणी बाटली भरू देणार नाही.

---

खानदेशी_मास्तर | ३ नोव्हेंबर, रात्री ९:३०

डॉक्टर, आशाताईंशी आजच बोललो. दोन घरं निघाली, दोन्हीकडे नळाचं पाणी येतं. बाळांसाठी तेच वापरा म्हणून सांगितलं, आणि त्या नळाचा नमुनाही उद्या घेतोय.

रानवाटा, पटलं. सार्वजनिक विहिरी आणि हातपंप फळ्यावर, खासगी विहिरीची चिठ्ठी फक्त मालकाच्या हातात. चिठ्ठीवर दोन आकडे देणार: पिण्यासाठी नायट्रेट, आणि एक लाख लिटरमागे किती किलो नत्र.

---

रानवाटा | ३ नोव्हेंबर, रात्री ९:४८

मग माझी बाटली घ्या. शनिवारी आणू का? आणि पुण्याचा जुना रिपोर्टही आणतो, तुमचं यंत्र खरं की त्यांचं ते बघू.

---

खानदेशी_मास्तर | ३ नोव्हेंबर, रात्री १०:०५

आणा. पंप दहा मिनिटं चालू ठेवून भरा, काठोकाठ, वर तारीख आणि वेळ. त्यांचा नमुना उन्हाळ्याचा, तुमचा पावसानंतरचा, तेव्हा आकडे जुळले नाहीत तर लगेच भांडू नका. दोन बाटल्या भरा, एकीत नायट्रेट घालून बघतो.